मागील दाराने

मालवणला पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुसऱ्या दिवशी तारकर्लीची वाळू, आणि निघताना बाजारातून मालवणी मसाला, कोकमं नि खाजं. पाहुणी मंडळी जाताना हटकून म्हणतात, "किती भाग्यवान गं तुम्ही, रोज समुद्र आणि रोज ताजे मासे!" मी हसते. पाहुणे येतात ते नोव्हेंबर ते मे. जून-जुलैतलं मालवण त्यांनी पाहिलेलं नसतं.

1 जून ते 31 जुलै सरकारी मासेमारी बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, वर झापं टाकलेली, बंदरावर चिटपाखरू नाही. ज्यांची स्वतःची होडी आहे ते चार पैसे बाजूला टाकून असतात. पण टोपली डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या बायकांचं काय? त्यांच्या घरात हे दोन महिने कसे जातात, हे मलाही सासरी येऊन दहा वर्षं होईपर्यंत कळलं नव्हतं. कळलं ते शाळेत.

मी आठवड्यातले तीन दिवस सातवीला मराठी शिकवते. सोमवारी दुपारी खिचडी वाढताना काही मुलं दुसऱ्यांदा ताट पुढे करतात, मंगळवारी करत नाहीत. सुरुवातीला मी म्हटलं, सोमवारची खिचडी चांगली होत असेल! मग शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अहो, शनिवार दुपार नि रविवार मध्ये गेलेला असतो ना." मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. ताट पुढे करणाऱ्यांत आमच्याच वाडीतली एक पोर होती, आजीजवळ राहणारी. बाप मुंबईला. आजीला सगळे काकी म्हणतात. मीही तिच्याकडूनच मासे घेते.

आमच्या महिला मंडळाने मागच्या वर्षी जुलैत गरजू घरांना शिधा द्यायचं ठरवलं. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहा. पिशव्या भरताना आम्हा सगळ्यांचा उत्साह काय सांगावा! बॅनर छापून आणला, फोटो काढायला एकीचा भाचा आला. यादीत काकीचं नाव मीच घातलं होतं. नाव पुकारलं, काकी पुढे आली, पिशवी बघितली, बॅनर बघितला आणि मागे सरली.

"तांदूळ नको असा नाय म्हणणंय मी, बाईनू. पण फोटो नको. माझो झील मुंबैक आसा, तो बघतलो."

आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, फोटोशिवाय वर्गणीदारांना हिशोब कसा द्यायचा? काकी काही बोलली नाही. पदर सावरून पावसात चालू लागली. खरं सांगते, मला तिचाच राग आला. पोर सोमवारी दोनदा खिचडी मागते आणि हिला मान हवा!

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कुळथाची पिठी ढवळत होत्या. ढवळता ढवळताच म्हणाल्या, "ब्याऐंशी साली आमच्याकडे कोणी बॅनर लावला असता, तर मीसुद्धा नसता घेतला."

माझे सासरे परळला गिरणीत होते. त्या काळी आमच्या किनाऱ्यावरची निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मनिऑर्डरी थांबल्या. सासूबाई सांगतात, त्या पावसाळ्यात टाकळ्याची भाजी, अळू, शेवग्याचा पाला आणि एक वेळ पेज यावर दिवस काढले. (टाकळा म्हणजे पावसात बांधावर उगवणारी रानभाजी. कोवळी असताना कांदा-खोबरं घालून फार चवदार होते. हौसेने खाणं वेगळं आणि दुसरं काही नाही म्हणून खाणं वेगळं, एवढंच.) "एका रातचो कोणीतरी मागल्या दारात तांदळाचो थयलो ठेवन गेलो," त्या म्हणाल्या. "कोण ता अजून माका म्हायत नाय. म्हणान तर आज गावात मान वर करून चालतंय."

आणि तिकडे मुंबईत सासरे कुठे जेवत होते? एका मालवणी बाईच्या खाणावळीत, उधारीवर. त्या खाणावळवाल्या बायांची गोष्ट मला आधी वाचून ठाऊक होती. गिरणगावात शेकडो बाया आपल्या खोलीत कामगारांना जेवू घालायच्या आणि किराणा भरण्यासाठी सावकाराचं जबर व्याज मोजायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. भुकेल्याला वाढणारी बाईच आधी सावकाराच्या पाशातून सुटली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. आमच्या मंडळाच्या पिशवीत तूरडाळ होती, पण हा विचार नव्हता.

डोक्यात चक्र सुरू झालं ते थांबेना. एका सुट्टीच्या दिवशी ह्यांना म्हटलं, मला गोपुरीला जाऊन यायचंय. लग्नानंतर कणकवलीला शंभरदा गेले असेन, पण साड्यांच्या दुकानापलीकडे पाय गेला नव्हता.

मालवणहून कणकवलीची एस.टी. चौके, कट्टा, कसाल असं करत जाते. पावसात हा रस्ता म्हणजे हिरवं भुयार. दोन्ही बाजूंना लावणी झालेले मळे, मधून डोकावणारी कौलारू घरं. बाहेरून प्रत्येक घर कसं खाऊनपिऊन सुखी दिसतं! कोकणातली गरिबी अशीच असते. अंगण सारवलेलं, तुळशीपुढे दिवा, आणि डब्यात काय आहे ते शेजारणीलासुद्धा कळू द्यायचं नाही. कट्ट्याला बॅ. नाथ पै यांच्या नावाचं सेवांगण आहे, कसालला महामार्ग लागतो, आणि कणकवली येण्याआधी वागद्याला उतरलं की गडनदीच्या काठी गोपुरी आश्रम.

आप्पासाहेब पटवर्धनांनी हा आश्रम 1948 मध्ये सुरू केला. माणूस एम.ए. झालेला, गांधीजींच्या आश्रमात राहून आलेला. आपल्याकडे त्यांना कोकणचे गांधी म्हणतात. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं, ते नाकारलं म्हणून उपास केला, आणि तिकडे येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपास मांडला. ही हकिगत शाळेत सांगितली की मुलं नाक मुरडतात. मीही कधीकाळी मुरडलं होतं. पण गोपुरीच्या झाडांखाली उभं राहिल्यावर त्यामागचा हिशोब कळला. कोकणची जमीन निकस, पाऊस तिचा कस धुऊन नेतो. मग पोट भरायचं तर जमिनीला खत हवं, आणि ते विकत घ्यायला पैसा नाही. आप्पांनी म्हटलं, जे तुम्ही घाण म्हणून टाकता तेच सोनं आहे. मैल्याचं खत करणारा गोपुरी संडास, गोबरगॅस, मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उद्योग, सगळं त्या एका विचारातून आलं. शिधा वाटण्याऐवजी ते भुकेच्या मुळाशी गेले. बरोबर स्पृश्यास्पृश्यतेचं मूळही उपटायला निघाले. हातात झाडू नि डोक्यात तत्त्वज्ञान, असं हे माणूस.

ह्यांना वाटलं, झालं, आता घरी. पण मला कुडाळच्या पुढे नणंदेकडेही जायचं होतं. झाराप तिथून जवळ. तिथल्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने, डॉ. प्रसाद देवधरांच्या पुढाकाराने, जिल्ह्यात हजारो घरांत गोबरगॅस पोचवलाय. नणंदेच्या शेजारणीकडे एक आहे. दोन गाई नि एक म्हैस. रोजचं पंचवीस किलो शेण कालवून आत सोडायचं की दोन वेळचा चहा-भात निघतो. उरलेला रबडा माडांना नि परसातल्या वाफ्यांना. शेजारीण म्हणाली, "वयनी, सिलिंडरचे पैसे वाचले ता आसाच, पण पावसात ओली लाकडां फुकून डोळे जात होते, ते वाचले." मी विचारलं, फुकट मिळाला का? तिला ते आवडलं नाही. "फुकट कित्या? आमचेय पैसे घातलेत. खड्डो आम्ही खणलो."

परतीच्या एस.टी.त मी काकीचाच विचार करत होते. तांदूळ तिला रेशनवर मिळतो. माणशी पाच किलो, 2023 पासून तोही मोफत. अडतं ते तेलापाशी, औषधापाशी, वहीपाशी. मे 2021 च्या तौक्ते वादळात उडालेली कौलं तिने हातउसने पैसे काढून बसवली होती, ते अजून फिटत होते. पूर्वी किनाऱ्यावर रापण लागली की दोर ओढायला हात लावणाऱ्या कुणालाही मूठभर मासळीचा वाटा मिळायचा. विधवा असो, पोर असो, कुणी तू कोण म्हणून विचारत नसे. ओढलंस ना, मग घे. याहून चांगली धर्मादाय संस्था मी पाहिली नाही. पण मोठ्या पर्ससीन बोटी आल्या, रापणीत मासळी येईना. 2016 मध्ये सरकारने त्या बोटींवर निर्बंध घातले, तरी जुने दिवस काही परत आले नाहीत. आता लिलावात रोख मोजायची तेव्हा टोपली भरते. काकीकडे रोख नव्हती. ती सकाळी व्यापाऱ्याकडून उधार घ्यायची आणि संध्याकाळी निम्मी कमाई त्यालाच द्यायची.

मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, शिधावाटपातले पैसे उरलेत, त्यातले तीन हजार काकीला बिनव्याजी द्यावेत, आठवड्याला पाचशे फेड. "बुडाले म्हणून समजा," एक बाई म्हणाल्या. "हिला दिलं की दहा जणी येतील," दुसऱ्या म्हणाल्या. दोन तास वाद झाला, माझा आवाजही नको तेवढा चढला. शेवटी बुडाले तर मी भरेन असं लिहून दिलं, तेव्हा कुठे मंजूर झालं. ह्यांना ते मी चार दिवसांनी सांगितलं.

1 ऑगस्टला बोटी सुटल्या. संध्याकाळी मी एकटी, हातात पाकीट घेऊन, काकीच्या मागल्या दाराने गेले. तिने पैसे मोजले, चुलीमागच्या डब्यात ठेवले आणि पेज पिऊन जा म्हणाली. प्यायले.

पहिले दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा चुकला. एक तर समुद्र खवळलेला, त्यात श्रावण, अर्ध्या गावाला मासे चालत नाहीत. बैठकीत सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी वहीत डोकं घातलं.

त्या शनिवारी शाळेतून आले तर सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून हातभर तवसं किसत होत्या.

"काकी इल्ली," त्या म्हणाल्या. "मागल्या दाराने. दोनशे रुपये देऊन गेली, थय डब्याखाली आसत. उरलेले गणपतीक, झील इल्यावर. आणि ह्या तवसा तिच्या परड्यातला. तवसळी करतंय, पोरीक पण देऊन ये."