तार लागेपर्यंत

कराडच्या आमच्या घरी गाणं यायचं ते रेडिओतून. शनिवारी रात्री साडेनऊला राष्ट्रीय संगीत सभा लागली की वडील आवाज थोडा वाढवत आणि आई स्वयंपाकघरातली भांडी हलक्या हातानं लावी. निवेदिका रागाचं नाव सांगे, तालाचं सांगे, साथीदारांची नावं घेई, आणि मग जे गाणं येई ते इस्त्रीचे कपडे घालूनच येई. ना खोकला, ना ठसका, ना तार उतरली म्हणून थांबणं. गाणं असंच कुठंतरी तयार असतं आणि वेळ झाली की सोडतात, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती असंही नाही; रेडिओपुरती ती अगदी बरोबर होती.

१९८४च्या एप्रिलात परीक्षा संपल्यावर मला मिरजेला मामाकडे पाठवलं. मामा रेल्वेत, पार्सल ऑफिसात. तेव्हा मिरजेच्या जंक्शनात मोठी, मीटर आणि छोटी अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत, आणि तिन्ही बाजूंचे पेशंट मिशनच्या दवाखान्यासाठी तिथं उतरत. मामाला गाण्यातलं शास्त्र कळत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. पण मीरासाहेबांच्या दर्ग्यातला उरूस आला की त्याची ड्यूटी कशी कोण जाणे, नेमकी दिवसाची लागे. रात्र मोकळी.

उरूस चांद्रवर्षानं फिरत येतो, कधी थंडीत, कधी पावसात. त्या साली तो ऐन उन्हाळ्यात आला होता. दर्ग्यात गाणं का, हे मामानं जाताना वाटेत सांगितलं, आणि त्यात भर मी पुढं वाचून घातली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे. मिरजेत ते राहिले, या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा, आणि आवारातल्या चिंचेखाली बसून ते गात असं सांगतात. १९३७च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीच्या वाटेवर त्यांना गाडीतच बरं वाटेना, म्हणून ते मद्रासच्या पुढच्या सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेला आणून याच आवारात दफन केलं. तेव्हापासून उरसात गवयी आणि वाजवणारे येऊन हजेरी लावतात. बिदागी नाही. मोठी नावंही येतात आणि ज्यांचं नाव मिरजेबाहेर कुणी ऐकलेलं नाही तेही येतात, आणि दोघांना तीच सतरंजी.

संध्याकाळी मामानं मला आधी सतारमेकर गल्लीतून नेलं. दोन्ही बाजूंच्या दुकानांत आढ्याला भोपळे टांगलेले, माझ्या डोक्याएवढे नव्हे, माझ्या कवेत मावणार नाहीत एवढे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. कडू, खायला निरुपयोगी, म्हणून तर ते असे वाढेपर्यंत वेलावर राहतात. एक म्हातारे कारागीर उंबऱ्याशी बसून घोडीवर कानस फिरवत होते. दोनदा फिरवायची, बोटानं धूळ पुसायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोनदा. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या, तेव्हा या हातांनी तंबोरे धरले. मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. दुकानातला लाखेचा आणि लाकडाच्या भुश्श्याचा वास मात्र लक्षात राहिला.

दर्ग्याबाहेर पाळणे होते, बत्ताशांचे ढीग होते, पत्र्याच्या बंदुका होत्या, आणि प्रत्येक दुकानाचा आपापला कर्णा होता. आत लोबानाचा धूर आणि मोगऱ्याचा वास. चिंचेजवळ मांडव, खाली सतरंज्या. मामाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्याच्या स्टेशनावरचा एक हमाल, लाल सदरा तसाच अंगात. पुढं दवाखान्यातले कुणी डॉक्टर सहकुटुंब आले होते. मागं बुरख्यातल्या बायका आणि नऊवारीतल्या बायका एकाच खांबाला टेकून बसल्या होत्या. मांडवात कुणी कुणाला जागा विचारत नव्हतं, सरकून घेत होते.

गवयी आले, बसले, आणि गाणं सुरू झालं नाही.

दोन तंबोरे मागं उभे राहिले. गवयांनी एक स्वतःकडे ओढून मांडीवर आडवा घेतला आणि खुंट्या पिळायला लागले. खुंटी पिळायची, तार छेडायची, मान हलवायची, नको. मग घोडीच्या पुढचा मणी नखानं इवलासा सरकवायचा. मग तार आणि घोडी यांच्या मधला सुताचा धागा, तो तर केसाएवढाच हलवायचा. तबलजी हातोडीनं गट्ठे ठोकत होता. पेटीवाला एकच पट्टी दाबून धरून बसला होता. बाहेर कर्ण्यावर कुणीतरी हरवलेल्या मुलाचं नाव पुकारत होतं. मी कंटाळलो. मामाला म्हणालो, ''कधी सुरू व्हणार?''

''सुरू झालंय की,'' तो म्हणाला. ''ऐक की गप.''

आणि त्याच सुमारास तो धागा बसला. काय झालं ते नीट सांगता यायचं नाही. इतका वेळ टणटण करणारी तार एकाएकी उघडली. आवाज मोठा झाला नाही, रुंद झाला; छेडून झाल्यावरही तो वर चढत राहिला, आणि त्यात आणखी कुणी आवाज मिसळतंय असं वाटलं. मी मागं वळून पाहिलं, कोण गातंय म्हणून. पुढं कळलं, याला जवारी लागणं म्हणतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. गवयांच्या चेहऱ्यावर मात्र त्या क्षणी जे दिसलं ते मी ओळखलं, कारण संध्याकाळी गल्लीतल्या त्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर तेच पाहिलं होतं.

राग मालकंस. त्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवलेली, हेही नंतरचं ज्ञान. विलंबित एकतालात ते इतके सावकाश गात होते की मी सतरंजीवरच्या रेघा मोजून संपवल्या. विलंबित ख्याल बारा वर्षांच्या पोरासाठी केलेला नसतो, आणि जे म्हणतात की पहिल्याच मैफलीत त्यांना ब्रह्मानंद झाला, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मी गाणं ऐकायचं सोडलं आणि माणसं बघायला लागलो. हमालाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. डॉक्टरीणबाई मांडीवर बोटं टेकवत मात्रा मोजत होत्या. मध्येच कुठंतरी मांडवभर एकदम ''आ हा'' उठायचं आणि मी बघायचो तर गवयी नुसते षड्जावर येऊन थांबलेले असायचे. ज्या जागेवर या सगळ्यांचे खांदे सैल पडत, ती जागा मी धरायला लागलो. दोन-चार आवर्तनांनी माझाही खांदा आधीच सैल पडू लागला. सम म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नाही. ते मी एका हमालाच्या मानेवरून शिकलो.

मग तार तुटली.

डाव्या तंबोऱ्यावरची, जोडीतली एक. 'टंग' असा आवाज झाला आणि तंबोरा धरलेला विद्यार्थी पांढरा पडला. गवयी थांबले नाहीत. त्यांनी नुसता डावा हात मागं केला, जणू असू दे म्हणून, आणि दुसऱ्या तंबोऱ्याच्या आधारानं पुढं गात राहिले. पण श्रोत्यांतून एक माणूस उठला. लुंगी, बनियनवर सदरा, वय पन्नाशीचं. वाकून, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत तो कडेनं मंचावर चढला. विद्यार्थ्यानं तंबोरा त्याच्या हातात असा दिला की बरं झालं आलात. खिशातून त्यानं तारेचं वेटोळं काढलं. मैफलीला येताना खिशात तार घेऊन येणारा श्रोता मिरजेतच भेटायचा.

मंचाच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या देखत आणि कुणाचंच लक्ष नसल्यासारखं, त्यानं ती तार चढवली. खाली भोपळ्याच्या बुडाशी अडकवली, घोडीवरून घेतली, खुंटीला गुंडाळली. आता प्रश्न होता लावायची कशी, कारण गाणं चाललेलं. त्यानं तंबोऱ्याचा भोपळा उचलून गालाला लावला, कान लाकडाला टेकवला आणि तार इतक्या हलक्या बोटानं छेडली की पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नसेल. खुंटी. कान. मणी. कान. धाग्यापाशी तो थांबला. गवयी तारसप्तकात होते. त्यानं वाट पाहिली. ते उतरून मधल्या षड्जावर आले, तो स्वर धरला, आणि त्या धरलेल्या स्वरावर यानं आपली तार आणून ठेवली. गवयांनी मागं न बघता मान हलवली. तो माणूस आला तसाच वाकून जागेवर जाऊन बसला. टाळी कुणी वाजवली नाही. मामा एवढंच म्हणाला, ''तंबोरा त्यांच्याच दुकानचा दिसतोय.''

नंतर पुष्कळ गाणं ऐकलं. पुण्याला नोकरी लागल्यावर सवाई गंधर्व महोत्सवाची वारी सुरू झाली. तोही एका अर्थानं मिरजेचाच वेल. सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि १९५३ साली तो सुरू करणारे भीमसेन सवाईंचे. तिथं रमणबागेच्या पटांगणात रात्र-रात्र बसलो. पुढं ध्वनिक्षेपकांच्या वेळेचे नियम आले, पहाटेचे राग संध्याकाळच्या श्रोत्यांना क्वचितच लाभू लागले, त्याची हळहळ सगळेच करतात. मीही केली आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. हल्ली गवयी बसतो आणि दुसऱ्या मिनिटाला गायला लागतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आधीपासून चालू असते, हातातले तंबोरे पडद्यामागं लावून आणलेले असतात. घरच्या रियाजाला ती पेटी उत्तम. मुंबईच्या खोलीत चार फुटांचा तंबोरा ठेवायचा कुठं? पण मंचावर ती जुळवाजुळव दिसेनाशी झाली की गाणं पुन्हा इस्त्री करून येतं.

खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी मी लहानपणी रेडिओवर ऐकत होतोच. ती जेमतेम तीन मिनिटांची. मिरजेनंतर ती ऐकताना शेवटाकडे कान जायला लागला. तबकडी संपत आल्याची खूण त्यांना कुणीतरी केली असणार. तिथं ते किंचित घाई करतात. आवाज तसाच रेशमी, पण मुरड घालायची राहून गेलेली. ती घाई मला त्या तबकडीतली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते, हे माझ्या एका जाणकार मित्राला अजिबात मान्य नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून मामाच्या मुलाला फोन केला. त्यानं सांगितलं, गल्लीतली पोरं आता दुसरीकडे नोकऱ्या बघतात. एक तंबोरा हातानं करायचा तर आठवडे जातात आणि गिऱ्हाईक भाव करतं. मानांकनानं भाव वाढला तर बघू, म्हणाला.

मैफलीला गेलो की अजूनही मी मधोमध बसत नाही. डाव्या हाताला, तंबोऱ्याच्या अंगाला, कर्ण्यापासून लांब अशी जागा धरतो. पुढच्या खुर्च्या रिकाम्या असतात म्हणून स्वयंसेवक पोरगा हमखास येतो आणि सांगतो, ''काका, पुढं बसा ना, इथनं गायक दिसत नाहीत.''

ते खरंच दिसत नाहीत.