विचारल्याशिवाय साखरसुद्धा नाही

इंजेक्शन देणे हे डॉक्टरचेच काम, असे मानणाऱ्या पिढीत माझे शिक्षण झाले. म्हणून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेचा १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला निबंध मी दोनदा वाचला. ३९ गावांतील, जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रिया नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखत आणि त्याला रुग्णालयात नेणे न जमल्यास घरीच इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांची निव्वळ घट झाली होती. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० च्या दशकापासून असाच विश्वास बहुधा निरक्षर स्त्रियांवर टाकला होता. प्रशिक्षण कसून दिले जाई, कामाची तपासणी होई. ऐन वेळी मात्र डॉक्टरची वाट पाहावी लागत नसे.

आमच्या केनवडमध्ये आता वृद्ध आईवडील गावी, मुले पुण्याला आणि मध्ये पगारी मदतनीस, अशी घरे वाढत आहेत. मुले मायेपोटीच दिवसातून चारदा फोन करतात. गोळी, पाणी, पोळी, साऱ्याचा हिशेब घेतात. अशाच एका घरातून दुपारी मला फोन आला. मधुमेही आजोबांना दरदरून घाम, हात थरथरत होते. पुण्याचा फोन लागत नव्हता.

"भाऊले इचारल्याबिगर साखर कशी देऊ, डॉक्टरसाहेब?"

बाईंना लक्षण कळले होते, उपायही ठाऊक होता. अडली होती ती धास्ती. आजोबा बचावले, मुलाला मी स्पष्ट सांगितले की हा धोका त्याच्या फोनने निर्माण केला. तो नाराज झाला, पण ऐकले.

मग आम्ही एक कागद भिंतीवर लावला. साखर ७० च्या खाली, रुग्ण शुद्धीवर आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, फोन नंतर. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ ला बोलवावे. हे निर्णय बाईंचे. इन्सुलिनची मात्रा बदलण्याचा निर्णय मात्र माझ्याकडेच ठेवला आहे, आणि दर पंधरवड्याला मी वही पाहतो.