वेल्डरची परीक्षा

परीक्षेची दहशत शाळा-कॉलेजाबरोबर संपते, असा आम्हां पांढरपेशांचा एक गोड समज आहे. एकदा नोकरीला चिकटलेल्या प्राध्यापकाला पुन्हा कुणी पेपर लिहायला बसवीत नाही. वेल्डरचे नशीब मात्र निराळे. त्याचा हात कितीही जुना असो. एका प्रकारचे वेल्डिंग सहा महिने केले नाही, की त्या प्रकारातली त्याची पात्रता आपोआप संपते! अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या बॉयलर कोडात, नवव्या भागात, तसे लिहून ठेवले आहे. आणि आमच्यासारख्या टाक्या नि पाइप बनविणाऱ्या कारखान्यांना तोच भाग प्रमाण.

हा कडकपणा उगीच आलेला नाही. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि ५८ माणसे गेली. तो रिव्हेटांचा बॉयलर. पत्र्यावर पत्रा चढवून केलेल्या जोडात भेग होती; बाहेरून ती दिसत नव्हती. त्या धक्क्यातून आधी त्या राज्याचे नियम झाले आणि मागाहून हा कोड आला.

गंमत अशी, की परीक्षा एक नव्हे, दोन असतात. पहिली माणसाची नव्हेच, ती रीतीची. कोणता धातू, कोणता रॉड, किती करंट, कोणता वायू, हे कागदावर उतरवायचे, त्याबरहुकूम एक तुकडा जोडायचा आणि मग तो कापून, ओढून, वाकवून पाहायचा. तिथे टिकला तर रीत पास. माणसाची पाळी त्यानंतर. दिवाळीच्या दिवसांत सांगायचे तर, आधी भाजणीचे प्रमाण तपासायचे आणि मग चकली पाडणाराचा हात.

ही पहिली परीक्षा खरी रंगते ती दोन वेगळ्या धातूंच्या जोडात. एकदा आमच्याकडे स्टेनलेसच्या भांड्याला साध्या लोखंडाचे वाफेचे आवरण जोडायचे काम आले. दोन्ही घरांचे स्वभाव भिन्न. तापले की स्टेनलेस साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट फुगते, आणि उष्णता पुढे पोचवायला मात्र चेंगट. फोरमन म्हणाले, "साहेब, स्टीलला स्टीलचाच रॉड. ३०८ लावून मोकळे होऊ." ऐकायला बिनतोड! परंतु जोड वितळताना साधे लोखंड त्या रसात उतरते, क्रोमियम आणि निकेल पातळ होतात, आणि थिजल्यावर मागे एक कडक, ठिसूळ पट्टा राहू शकतो. अँटन शेफ्लर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या आकृतीवर बोट ठेवले की हे आधीच कळते. म्हणून आम्ही ३०९ घेतला. त्यात क्रोमियम शेकडा २३ ते २५ आणि निकेल १२ ते १४. मध्यस्थ असा हवा, की दोन्हीकडच्यांना देऊन त्याच्या गाठीला पुरेसे उरले पाहिजे.

रीत पास झाली. आता माणसे. यादीत पहिले नाव अण्णांचे.

"सायेब, वीस वर्सं झाली ह्या हाताला. आता माझी परीक्षा घेताय व्हय?"

मी म्हटले, "अण्णा, परीक्षा हाताची आहे, तुमची नाही." हे वाक्य मला तेव्हा फार समर्पक वाटले, अण्णांना अजिबात वाटले नाही. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला हा भेद कसा पटावा? नापास झाला तर या कामावरून उतरणार, आणि तेही काल शिकायला आलेल्या पोरांसमोर.

स्टेनलेसचा पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधला. तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकायचे, गुडघ्यावर बसायचे, मान मोडायची. अण्णांनी बाहेरून असा जोड घातला, की जणू एकावर एक नाणी निजवली आहेत. पोरे पाहतच राहिली. पण पाइपात आर्गॉन पुरता भरण्याआधीच त्यांनी टॉर्च लावली होती. कापल्यावर आतली बाजू दिसली : काळी, खरबरीत, दाणेदार. आमच्या धंद्यात तिला 'साखर' म्हणतात. इतके कडू नाव मी दुसरे ऐकले नाही. पट्टी वाकवताना तिथेच तोंड उघडले. तीन मिलिमीटरपर्यंतची उघडीक कोड चालवून घेतो. ही त्याहून बरीच मोठी होती.

अण्णा काही बोलले नाहीत. ती वाकलेली पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरून उभे राहिले.

त्याच नियमात दयेलाही जागा आहे, पण ती फुकट नाही : लगेच पुन्हा बसायचे तर एकाच्या जागी दोन तुकडे लागोपाठ पास व्हावे लागतात. अण्णा दुसऱ्या दिवशी बसले. दोन्ही तुकडे आतून चांदीसारखे निघाले, आणि त्यांच्या पट्ट्या घोड्याच्या नालासारख्या वाकूनही हूं की चूं केले नाही.

आता नव्या पोरांना आर्गॉन भरायला तेच शिकवतात. पाइपाच्या तोंडाशी पेटती काडी धरून म्हणतात, "इझू दे आधी. मग लाव." काडी विझली म्हणजे आतला प्राणवायू पुरेसा गेला असे नव्हे, त्यासाठी आम्ही मोजायचे यंत्र घेतले आहे, आणि ते अण्णा पाहतातही. आकडा वाचून झाला, की खिशातून काड्यापेटी काढतात.