कल्पित भाषा आणि घोड्याचे सामान्यरूप

‘जी भाषा कोणी ऐकलीच नाही, तिचे व्याकरण कशाला?’ हा प्रश्न अंधेरीतील माझ्या एम.ए.च्या वर्गात हमखास येतो. आद्य भारत-युरोपीय भाषा कल्पून श्लायखरने १८६८ मध्ये तीत मेंढी-घोड्यांची बोधकथा रचली. तिचे मूळ स्वर संस्कृतासारखेच अ, इ, उ. त्यामुळे विद्यार्थी सुखावतात. परंतु लॅटिन ‘क्वे’शेजारी संस्कृत ‘च’ ठेवला, की मूळ ‘ए’ मानावाच लागतो. त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि संस्कृतात तो स्वतः ‘अ’मध्ये लोपला. संस्कृतही बदललेलीच भाषा, हे अनेकांना (काही प्राध्यापकांनाही) रुचत नाही. नामविभक्तींची झीज मात्र आपल्या जिभेवरच आहे : ‘घोड्याला’मधील ‘घोड्या’त अभ्यासक षष्ठीच्या ‘-स्य’चा अवशेष पाहतात.