पद्मिनीची पुढची बाजू
मनमाड रस्त्यावरून नागापूर एमआयडीसीत शिरलं की लेथचा आवाज सुरू होतो. माझ्या पद्मिनी गाडीचं काम इथंच करायचं. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवायचंय, म्हणून डोक्यात पुढचं सस्पेन्शनच घोळतंय. मिस्त्री म्हणतात, मारुती 800चे स्ट्रट टाकू. मला पटत नाही. स्ट्रटला वर बॉडीत भक्कम आधार लागतो. पद्मिनी विशबोन आणि कॉइल स्प्रिंगवर उभी आहे, तिला तसंच राहू द्यावं. आधी वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवायची, दोन इंजिनांच्या वजनातला फरक त्यात मिळवायचा आणि मग स्प्रिंग निवडायची. भार पेलते स्प्रिंग. शॉकअब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. स्प्रिंग कडक केली, की शॉकही तगडा हवा, नाहीतर खड्ड्यानंतर गाडी डोलतच राहते. आरटीओची परवानगी इंजिन उतरवण्याआधीच काढेन.