गेलेले आटे

वसतिगृहाच्या जुन्या पद्मिनी मोटारीत एका प्लगचे आटे गेले, तेव्हा हेडच बदलण्याचा सल्ला मिळाला. संस्थेजवळ तेवढा पैसा नव्हता. आणि आजारी मुलाला रात्री रुग्णालयात नेणारे तेच एक वाहन होते.

हेड अ‍ॅल्युमिनियमचे, प्लग पोलादी. तिरप्या प्लगवर पान्याने जोर केला की मऊ धातूच हरतो. मिस्त्रींनी टॅपच्या खाचांत ग्रीस भरले, म्हणजे कीस आत न पडता त्यालाच चिकटावा. थोडे पुढे, थोडे मागे फिरवीत मोठे आटे पाडले, त्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसविले; 14 मिलिमीटरचे मूळ माप परत आले.

प्लगचे पहिले फेरे त्यांनी आम्हा मुलांकडून बोटांनीच देवविले. अडले तर जोर करू नका, काढून पुन्हा सरळ लावा, एवढेच ते म्हणाले. पुढे अनेक कामांत आम्हांला तेच पुरले.