केसांवरून जीनस

पानावरच्या काळ्या ठिपक्याला मी आजवर काजळी म्हणत आले. बुरशीच्या लॅबमध्ये लागल्यावर कळलं, लोक तेच ठिपके पाकिटात घालून, नाव-गाव लिहून जपतात.

आंबोलीची अंजनीची पानं समोर आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "नेलपॉलिश आण, बिनरंगाचं." थट्टाच वाटली. पण ठिपक्यावर त्याचा पातळ थर द्यायचा, वाळला की चिमट्यानं कडेपासून सोलायचा. अख्खी वसाहत त्याला चिकटून निघते. स्लाइडवर तपकिरी धागे, धाग्यांच्या दोन्ही अंगांना दोन पेशींचे फुगवटे. तिथूनच बुरशी पानात शिरते.

इथवर ठीक. मग केस. धाग्यांवर ताठ केस असतील तर जीनस मेलिओला. केस फक्त काळ्या फळगोळ्यांवर असतील तर आयरेनॉप्सिस. गोळीला अळीसारखी उपांगं असतील तर अ‍ॅपेंडिक्युलेला, काहीच नसेल तर अ‍ॅस्टेरिडिएला. आमच्या पानांवर काही ठिपक्यांत केस, काहींत औषधालाही नाहीत! "केसांवरून जीनस ठरतो?" मी विचारलं. मॅडम हसल्या. "ठरवत आलोय. डीएनए बघितला तर बिनकेसाचे सगळे एका घरचे निघाले नाहीत."

डीएनए काढणंही सरळ नाही. ही बुरशी जिवंत पानावरच वाढते, पेट्रीडिशमध्ये नाही. म्हणून ठिपकाच खरवडायचा, आणि त्यासोबत तिच्यावर जगणाऱ्या दुसऱ्या बुरश्याही येतात. हाती आलेला डीएनएचा क्रम नक्की कुणाचा, हे आधी पटवावं लागतं.

आमची बुरशी नवी निघाली तर नाव द्यायचं, आणि नामकरणाची नियमावली मात्र कडक. मूळ नमुना कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहा (आमचा पुण्याच्या आघारकर संस्थेत जाईल), जीनसची प्रातिनिधिक स्पीशीज सांगा. वर्णन लॅटिनमध्ये, २०१२ पासून इंग्रजीही चालतं. २०१३ पासून मायकोबँकसारख्या ठिकाणी नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो, नाहीतर नाव बाद. पण किती वेगळं असलं की नवा जीनस? हे मी पानोपान शोधलं, कुठेही नाही. ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं, आणि पटलं नाही तर पुढच्यानं मोडीत काढायचं. एवढ्या काटेकोर लोकांनी नेमकं हेच मोकळं सोडावं, हे मला अजून पचलेलं नाही.

सध्या गाडं अंजनीपाशीच अडलंय. घाटात तिच्या बऱ्याच जाती, आणि आमची कुठली हे सांगायला फूल हवं. ते उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर मॅडमनी मेलिओलाच्या जुन्या वर्णनांचा गठ्ठा दिलाय: "आधी हे नाहीये ना, ते बघ."